डावीकडचे पाच नट

४ फेब्रुवारी, मंगळवार

आणि परत तेच! चाक कोणी बसवलं होतं? दादाने. आदल्या संध्याकाळी, माझ्यासमोर. मग सकाळी नट ढिले निघाले तर चूक कोणाची? एवढं सरळ आहे. पण काल फोनवर हे बोललो तर लगेच वहिनी मध्ये पडली, "भाऊजी, सहा वर्षं झाली. आता पुरे ना." मी कुठे काढलं? विषय त्याने काढला. म्हणे, "छोट्या, जुन्या जीपचं काम सोड. पंपाचं घे, ट्रॅक्टरचं घे, दुकानात वजनं उचल, पण जुन्या जीपला हात लावू नकोस." का, तर म्हणे उगाच. उगाच कसं? मला कळतं. त्याचा उजवा पाय जीपखाली गेला, आता धाकट्याच्या हातातही स्टिअरिंग नको. जळतो.

त्या सकाळी मी पाना घेऊन वाकलो नसतो तर चाक गल्लीच्या तोंडाशीच निघालं असतं. डावीकडचं, मागचं. मी सोळा वर्षांचा क्लीनर, मला कोणी सांगितलंही नव्हतं, माझं मी तपासलं. कट्ट. कट्ट. पाच वेळा कट्ट झालं आणि पाचही नट अर्धा अर्धा वळसा गेले. म्हणजे किती ढिले असतील! मी कसले म्हणून गाडी निदान चढापर्यंत पोचली. हेच मी तेव्हाच्या जीपमालकाला सगळ्यांसमोर सांगितलं. त्याने दादाला कामावरून काढलं, भरपाईही दिली नाही. त्याला मी काय करू? खरं ते बोललो. दादा तेव्हा खाटेवर पडून एवढंच म्हणाला, "हो, माझंच चुकलं." म्हणजे त्यालाही मान्य होतं.

ही वही वहिनीने निघताना दिली. म्हणाली, "तिकडे भांडायला कोणी मिळालं नाही तर हिच्याशी भांडा." सातवीपर्यंतच शिकलोय, पण भांडण लिहायला तेवढं पुरतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जीप आली. आली म्हणजे ओढून आणली. भंगारवाल्याच्या कुंपणात अठरा वर्षं उभी होती म्हणे. पत्र्यातून जमीन दिसते. सीटच्या स्प्रिंगांत चिमणीचं घरटं. ज्यांच्या शेडमध्ये मी काम करतो त्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत वाकून वास घेतला, आणि दोन बोटांनी इंजिनवर टकटक केलं, डॉक्टर पोटावर करतात तसं. म्हणाले, "जिवंत आहे."

गाडी बाईंची. बाई भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. पासष्ट तरी असतील, केस पांढरे, चष्म्याला दोरी. चाळीस वर्षांपूर्वी त्या आणि त्यांचे यजमान असल्याच जीपमधून खिंडीकडे निघाले होते, आणि माथ्याला दोन वळणं राहिली असताना रेडिएटर फुटला. परत फिरले. पुन्हा जाऊ म्हणता म्हणता यजमान वारले. बाईंना ती दोन वळणं पुरी करायची आहेत. पंधरा मार्चला निघायचं.

मिस्त्री म्हणाले, "बाई, पावसाळ्यानंतरची तारीख धरा."

"मी चौतीस वर्षं परीक्षा घेतल्या," बाई म्हणाल्या. "कोणासाठी तारीख बदलली नाही. गाडीसाठी बदलू?"

मग माझ्याकडे बोट. "हा चालवणार?"

"हा घाईराव. चालवतो बरी. थांबवायला शिकतोय."

मिस्त्री मला घाईरावच म्हणतात. म्हणोत. खिंडीपर्यंत मी जीप नेणार! शेडमागे अजून एक सांगाडा पडलाय, तो चाळीस हजारांत मला देऊ म्हणालेत. स्पेअरच्या खोलीत, मी झोपतो तिथे, खाटेखाली डबा आहे. भरत आलाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ब्रेकचा ड्रम सुटला तो थेट डाव्या पायावर. दोन बोटं मोडली. पट्टी बांधली, तीन आठवडे पाय टेकायचा नाही. दिवसभर लंगडी घालतोय. लहानपणी लंगडीत दादाने मला कधी जिंकू दिलं नाही.

मिस्त्री म्हणाले, "चला, घाईराव निदान अर्ध्या वेगावर आले." फोनवर दादा तर खो खो हसला. "तुझा उजवा, माझा डावा. दोघांत मिळून एक ड्रायव्हर झाला की रे." मीही हसलो. मग आठवलं की आपलं भांडण चालू आहे, आणि ठेवला फोन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चेसिसचा गंज घासून घासून खांदे गेले. पण आज इंजिन फिरलं! आधी खोकलं, मग काळा धूर, मग असं लागलं की शेडच्या पत्र्यांना कंप सुटला. मिस्त्री म्हातारे आहेत, पण टाळ्या वाजवून नाचले. मला लंगडीवरच नाचावं लागलं.

दुपारी एक भानगड. डब्यातले चाकाचे नट घासून उजवीकडच्या चाकाला लावत होतो. एक जाईचना. जोर लावला तर मिस्त्री खेकसले, "अरे, आटे मारशील! तो डावीकडचा आहे. उलट आट्याचा."

म्हणे या जुन्या गाड्यांना उजवीकडचे नट आपल्या नेहमीसारखे, घड्याळाच्या काट्यासारखे फिरवले की आवळतात. डावीकडचे उलटे. काट्यासारखं फिरवलं की सुटतात. गाडी पळताना चाकाच्या फिरण्याने नट आपोआप सुटू नयेत म्हणून तशी युक्ती होती, पुढे बंद झाली. बोल्टच्या टोकावर काटकोनासारखं एक इंग्रजी अक्षर असतं, तीच खूण.

"नव्या पोरांना ठाऊक नसतं," मिस्त्री म्हणाले. "कसतोय समजून सोडून ठेवतात. म्हणून माझ्याकडे चाकाला हात फक्त माझा."

जुन्या लोकांची एकेक डोकी! साधं काम अवघड करून ठेवायचं. असो. जेवण बरं होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चाकं चढली. मिस्त्रींनी एकट्याने वीसच्या वीस नट कसले. मग बारीक ब्रशने प्रत्येक नटावरून खालच्या चाकापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली. नट तसूभर हलला तरी रेघ तुटलेली दिसते. छान दिसत होतं. हिरवी जीप आणि पिवळ्या रेघा.

मिस्त्री संध्याकाळी शेडला बाहेरून कुलूप लावून घरी जातात. आतून मी कडी घालतो. लिहून ठेवतो, कारण कडी घातली होतीस का, हे ते रोज सकाळी विचारतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

विचारलंच. मागच्या डाव्या चाकाच्या पाचही रेघा तुटल्या. अर्धा अर्धा वळसा. नटावरचा पिवळा तुकडा एकीकडे, चाकावरचा बरोबर समोरच्या बाजूला. बाकी पंधरा जागच्या जागी.

"तू?" मिस्त्री म्हणाले.

"मी कशाला? पाय बघा माझा."

त्यांनी पुन्हा कसले, पुन्हा रेघा ओढल्या. बाई आल्या होत्या, त्यांना काही सांगितलं नाही. त्या रिकाम्या सीटवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवर नुसती पान्यांची हुकं आहेत. बराच वेळ बघत होत्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रोज. शुक्रवार, शनिवार, रविवार, रोज सकाळी पाच रेघा तुटलेल्या. तेच चाक. तेवढाच वळसा, तसूभर कमी नाही, जास्त नाही. मिस्त्रींनी बोल्ट बदलले, ड्रम बदलला, चाकच बदलून पुढे टाकलं. पुढे गेलेलं चाक शहाण्यासारखं वागतं, त्याच्या जागी आलेलं सुटतं. म्हणजे चाकात काही नाही. त्या जागेत आहे.

मला झोपेत कट्ट कट्ट ऐकू येतं. पत्रे थंडीने आकसतात त्याचा आवाज असणार. सकाळी उठतो तर उजवा खांदा भरून आलेला. साबणाने धुऊन झोपतो तरी तळहातात ग्रीस. या खोलीत सगळ्याच वस्तूंना ग्रीस आहे म्हणा.

दादाचा फोन आला होता. विचित्र बोलत होता. म्हणाला, "छोट्या, पाय परत आलाय."

"कुठला पाय?"

"नसलेला. सहा वर्षं गप्प होता. गेल्या गुरुवारपासून झोपेत जागा होतो. गार फरशीवर टेकवल्यासारखा वाटतो. टाचेखाली खडे लागतात. सकाळी बघतो तर चादर सपाट."

मग वहिनीने फोन घेतला. दवाखान्यात नवा पाय बसवायला माप देऊन आलेत, पण दादा म्हणतो कुबडी बरी आहे, एवढा खर्च कशाला. "तुमच्याकडे काही असतील तर बघा, भाऊजी." माझ्याकडे कुठे, म्हणालो. आहेत. पण ते जीपचे आहेत. आणि मी का द्यायचे? नट मी ढिले ठेवले होते का?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल जाताना मिस्त्रींनी ट्यूबला चोळायची पांढरी पावडर घेतली आणि त्या चाकाभोवती सगळ्या फरशीवर भुरभुरली. मला म्हणाले, "या बाजूला फिरकू नकोस." फिरकलो नाही. कडी घातली, झोपलो.

सकाळी पावडरीत ठसे. अनवाणी. आणि सगळे उजव्या पायाचे. एक, मग हातभर पुढे पुन्हा तोच, पुन्हा तोच. डाव्याचा एकही नाही. चाकापाशी खूप गर्दी झालेली, पाच ठिकाणी टाच रुतलेली. मग परत.

मी मागे सरकलो. मिस्त्री मात्र ठशांकडे बघतच नव्हते. माझ्या पट्टीकडे बघत होते. मग केरसुणी घेतली आणि सगळं झाडून टाकलं.

"मिस्त्री, कोणाचा असेल?"

"घाईराव, आज उद्या माझ्याकडे झोपायला या."

म्हणजे मी घाबरलो असं त्यांना वाटतंय. मी नाही घाबरलो. आज इथेच झोपणार.

१ मार्च, शनिवार

हे कोणाला सांगू? वहीलाच सांगतो.

मीच फोन केला दादाला, सहज. पावडरीचं एक अक्षर बोललो नाही. त्यानेच सांगितलं. "परवा रात्री गंमत झाली रे. पाय गार नव्हता, कोरडा होता. पावडर फासल्यासारखा, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा. तुझ्या वहिनीला म्हटलं पुस जरा. ती रडायला लागली."

मी म्हणालो, "हो का."

दादा इथून दीड दिवसाच्या अंतरावर आहे. त्याचा उजवा पाय सहा वर्षांपूर्वी जाळला, मी सोबत गेलो होतो. मग इथे कोणाचा उजवा पाय चालतो? तो माझ्यावर चिडून येतो का? नट सोडून मला दाखवतो का, की बघ, ढिले असले की काय होतं? पण ढिले तर त्यानेच ठेवले होते!

आज मिस्त्रींकडे झोपायला जातोय.

३ मार्च, सोमवार

दोन रात्री मिस्त्रींकडे. त्यांच्या बायकोने, काकूंनी, जाड रजई दिली, दाराला वरची खिट्टी घातली आणि दारापाशी स्वतः अंथरूण टाकलं. मिस्त्री म्हणाले, तिला वाऱ्याची सवय आहे. दोन्ही सकाळी रेघा जशाच्या तशा.

"बघितलंत?" मी म्हणालो. "शेडमध्ये कोणी नसलं की तो येत नाही. त्याला मीच पाहिजे."

मिस्त्री "हं" म्हणाले. काकूंनी माझ्या ताटात जास्तीची भाजी वाढली.

दादा फोनवर खुशीत. "दोन रात्री पाय कसा उबेत होता! रजईत घातल्यासारखा."

मी त्याला विचारलं, "दादा, तू माझ्यावर रागावलायस का?" तो म्हणाला, "जेवलास का?" हे त्याचं नेहमीचं. अडचणीचं काही विचारलं की जेवलास का.

७ मार्च, शुक्रवार

पट्टी निघाली. पाय टेकतो, दुखतो.

काकूंच्या घरी आता कायमच झोपतो. रेघा शाबूत. पण मला या गाडीचा भरवसा नाही. आज बाईंना गाठून सांगून टाकलं, "बाई, जाऊ नका. मागचं डावं चाक आपोआप सुटतं. ही गाडी चांगली नाही."

बाईंनी चष्मा काढला. "आपोआप काही होत नसतं. पाऊसही आपोआप पडत नाही, मी चौतीस वर्षं तेच शिकवलं. कोण सोडतं?"

"एक पाय."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग त्या पायाला काय पाहिजे ते विचार. तू चालवणार आहेस आणि मी शेजारी बसणार आहे. मी घाबरत नाही, पण मला मरायचीही घाई नाही. पंधरा तारखेपर्यंत विचारून घे."

मास्तरणीच ती. भुतालाही गृहपाठ देईल.

१० मार्च, सोमवार

लिहितो. आत्ताच लिहून टाकतो.

चहाच्या वेळी मिस्त्रींनी विचारलं, "घाईराव, तुमच्या भावाचं काय झालं होतं? नीट सांगा एकदा." मी सांगितलं. आदल्या संध्याकाळी दादाने मागचं डावं चाक बदललं. सकाळी मी, माझा मी, पाना घेऊन तपासलं. नट ढिले होते. मी कसले. चढावर चाक निघालं, जीप कलंडली. दादा बाहेर फेकला गेला, पाय खाली. मी मागच्या फळीवर होतो, मला खरचटलंसुद्धा नाही.

"गाडी कुठली?"

"हीच. म्हणजे अशीच. याच सालातली असेल."

"तू पाना लावलास तेव्हा आवाज आला?"

"हो. कट्ट. पाचही वेळा. मग अर्धा वळसा गेला. म्हणजे बसला ना घट्ट."

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. एवढ्या हळू ठेवला की बशीचा आवाज आला नाही. "ऊठ."

मला त्या चाकापाशी नेलं. चाकाला हात फक्त त्यांचा असतो, पण पाना माझ्या हातात दिला. म्हणाले, "त्या दिवशी कसलेस तसे कस. विचार करू नकोस."

मी वाकलो. हात आपोआप गेला, काट्यासारखा, उजवीकडे. नेहमी जातो तसाच. आधी नट हलेना. मग जोर दिला. कट्ट. अर्धा वळसा. पाना हलका झाला. मी थांबलो, कारण त्या दिवशीही इथेच थांबलो होतो.

पिवळी रेघ तुटली होती. एक तुकडा नटावर, दुसरा बरोबर समोर. रोज सकाळी असायची तशी. अगदी तशी.

बोल्टच्या टोकावर काटकोनासारखं अक्षर.

मी दुसऱ्या नटाला पाना लावला. का लावला माहीत नाही. कट्ट. तिसऱ्याला. मिस्त्रींनी माझा खांदा धरला तेव्हा पाचही झाले होते. "पुरे, बाळा," म्हणाले. घाईराव म्हणाले नाहीत.

घट्ट होते ते. दादाने घट्टच लावले होते.

११ मार्च, मंगळवार

काही नाही.

१२ मार्च, बुधवार

फोन केला. वहिनीने उचलला, मी म्हटलं दादाला दे.

"दादा, डावीकडचे आटे उलटे असतात."

पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "जेवलास का?"

"तुला माहीत होतं."

"छोट्या..."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. मी स्वतः चढवलेलं चाक मला माहीत नसेल? तू जीपमालकाला सांगत होतास ना, पाना उजवीकडे फिरवल्यासारखा हात करून. तेव्हाच कळलं. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही."

"मग बोलला का नाहीस? तुला कामावरून काढलं. लोक तुला ढिसाळ म्हणाले. मी म्हणालो! सहा वर्षं म्हणतोय!"

"तू आठ दिवस जेवला नव्हतास रे. माझा पाय बघून. तेवढ्यात आणखी हे कुठे सांगू? आणि मग राहूनच गेलं. रोज वाटायचं उद्या सांगू. तू भांडायला लागलास तेव्हा म्हटलं बरंय, भांडतोय म्हणजे ठीक आहे."

म्हणून म्हणत होता, जुन्या जीपला हात लावू नकोस.

मी विचारलं, "पाय काय म्हणतो?"

"सोमवारी दुपारी एकदा जोरात आखडला. टाच रोवून उभं राहिल्यासारखा. तेव्हापासून गप्प आहे. का रे?"

सोमवारी दुपारी मी वाकलेलो असताना कुठला पाय रोवला होता, ते मला आठवतंय. डावा अजून दुखतो.

मी त्याला रेघांचं, पावडरीचं सगळं सांगितलं. शेवटी हळूच म्हणाला, "म्हणजे माझाच पाय घेऊन फिरत होतास होय! चोरटा." आणि हसला. मला हसू आलं नाही.

१७ मार्च, सोमवार. खिंडीवरून

बाईंना निघायच्या आधी सगळं सांगितलं होतं. म्हटलं, दुसरा ड्रायव्हर बघा. त्यांनी विचारलं, "आता डावीकडचे नट कुठल्या बाजूला फिरवतोस?" मी हाताने दाखवलं. "मग बस," म्हणाल्या.

दोन दिवसांचा रस्ता. मिस्त्रींनी आता मला चाकाला हात लावायची परवानगी दिलीय. सकाळी विश्रामगृहासमोर वीसही रेघा बघितल्या, डावीकडच्या दोनदा. शाबूत. मी झोपताना पाय खाटेच्या दांडीला बांधून झोपलो होतो. गाठही तशीच होती.

वर रस्ता म्हणजे नुसते दगड. छोटा गिअर टाकला की जीप बकरीसारखी चढते. माथ्याला दोन वळणं राहिली तिथे बाई म्हणाल्या, "थांब." उतरल्या. कठड्यापाशी जाऊन त्या कोणाशी तरी बोलल्या. मी रेडिएटरचं पाणी बघायचं सोंग केलं. मग येऊन म्हणाल्या, "चल. आता दोनच."

पहिलं वळण. दुसरं. वर काहीच नव्हतं, वारा, एक मोडका फलक आणि एक झरा. बाई पदराने डोळे पुसत फलक वाचत राहिल्या, उंचीचा आकडा चुकलाय म्हणाल्या.

मी बूट काढला. उजवा. झऱ्याचं पाणी बर्फ होतं. पाय घोट्यापर्यंत बुडवून शंभर मोजले. साडेआठ वाजले होते.

फोन लागायला दुपारी खाली यावं लागलं. वहिनी होती. म्हणाली, "भाऊजी, काय सांगू. हे सकाळी चहा पिताना किंचाळलेच. म्हणाले कोणीतरी पाय पाण्यात बुडवला. आणि तेव्हापासून एकटेच हसतायत. वेड लागलं का हो?"

"किती वाजता?"

"साडेआठ असतील."

मी विचारलं, "वहिनी, नवा पाय बसवला की हा राहील का जाईल?"

"कुठला हा?" ती म्हणाली.

१९ मार्च, बुधवार

परत आलो. त्या जुन्या जीपमालकाला पत्र लिहिलं. तो अजून आहे, दादाच्या गावातच. बाईंना म्हटलं शुद्धलेखन बघा. त्यांनी लाल पेन काढलं, ऱ्हस्व दीर्घ सगळं झोडपलं. एका ओळीवर थांबल्या. मी लिहिलं होतं, 'त्या सकाळी डाव्या चाकाचे पाचही नट मी कसले.' सहा वर्षांची सवय, हात आपोआप गेला.

बाई म्हणाल्या, "यात शुद्धलेखनाची चूक नाही." आणि पेन माझ्याकडे दिलं.

मी 'कसले' खोडलं. 'सोडले' लिहिलं. खाली सही केली. दोन प्रती काढल्या, एक दादाला.

मिस्त्रींना सांगितलं, शेडमागचा सांगाडा दुसऱ्या कोणाला द्या. म्हणाले, "तो कुठे पळतोय? चाकं तरी आहेत का त्याला?"

डबा उपडा केला, त्या पैशांत बाईंनी दिलेला पगार घातला. वहिनी, हे त्याच्या पायाचे आहेत. कुबडी बरी आहे असं म्हणू देऊ नका. पाठवतोय, एक्केचाळीस हजार सहाशे.